उशिरा पडलेला खडा

१

रविवारी सकाळी राजपाल मेला, आणि दुपारच्या आत गावाला मारणाराही सापडला. शोधावं लागलंच नाही. मारणारी आपल्या पायांनी चालत आली.

कर्नाटकाच्या सीमेवर, चिंताकीच्या पलीकडं बोरतळी म्हणून खेडं आहे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती, आणि वस्तीच्याही खाली, नाल्याकडं, त्यांची जमीन. ज्वारी माणसाच्या डोक्यावर हातभर गेलेली. दाणा दुधात आला की पाखरं तुटून पडतात, म्हणून रानाच्या मधोमध लाकडाचा उंच माळा उभा केला होता आणि त्यावर उभी राहून भागाबाई गोफण फिरवत होती. तिचा पुतण्या राजपाल पश्चिमेच्या बांधावर फोनवर बोलत होता. डाव्या कानामागं दगड बसला आणि तो जागीच गेला.

राजपाल औरादच्या बस डेपोत कारकून. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून त्याला आणि त्याच्या बहिणीला ह्या चुलतीनंच वाढवलं. फौजदाराची जीप आली तेव्हा ती गर्दीतून पुढं झाली, गोफण त्याच्या बुटापुढं ठेवली आणि म्हणाली, "ह्याच्यानं मेला. माझ्या हातानं मेला."

फौजदाराला हायसंच वाटलं असणार. खालच्या वस्तीतला मेला, खालच्याच वस्तीतलीनं मारला, तेही चुकून. मोर्चा नाही, वरून फोन नाही. तिनं मराठीत सांगितलं, त्यानं कन्नडमध्ये लिहिलं आणि अंगठा घेतला. शेजारी पडलेला रक्ताळलेला दगड पिशवीत घातला. हयगयीनं मृत्यू. म्हातारी कुठं पळते, चार दिवसांनी बोलावू, असं म्हणून जीप निघाली. राजपालच्या खिशात काय होतं, तो कुणाशी बोलत होता, त्याच्यामागं कुणी उभं होतं का, हे विचारायला कुणाचं तोंड उघडलं नाही. गरिबानं कबूल केलं की सरकारचं काम संपतं.

भागाबाईनं त्या दिवसापासून अन्न सोडलं.

राजपालची धाकटी बहीण प्रेरणा औरादलाच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मातीला आली ती वस्तीतच राहिली. चुलतीला ती मोठीमाय म्हणायची. मोठीमाय भिंतीकडं तोंड करून पडलेली, ओठ फुटलेले. डॉक्टरनं नाडी बघून सांगितलं होतं की अशीच राहिली तर फार दिवस नाहीत. प्रेरणानं एक भाऊ पुरला होता. आता ज्या बाईला ती आई म्हणूनच ओळखत होती, तीही समोर सुकत चालली होती.

पेला ओठाला लावत प्रेरणानं तिला एकदा सगळं सांगायला लावलं. म्हातारी तुटक तुटक बोलली. नरसिंग, तिचा मुलगा, खडे आणायला गेला होता. माळ्यावर ती एकटीच. पश्चिमेला पोपटांचा थवा उतरला, म्हणून तिकडं खडा सोडला.

"माझा हात खाली आला न्हवता गं. फटकारा झाला न् तेवढ्यातच लेकरू वराडलं."

"तेवढ्यातच?"

"तेवढ्यातच."

प्रेरणानं पेला खाली ठेवला. माळा तिथं आणि बांध तिथं, मधे एवढं लांब रान. मग खडा तेवढ्यात पोचला कसा?

२

गोफण ज्यानं पाहिली नाही त्याच्यासाठी. दोन दोऱ्या, मधे खड्याचं घर. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी चिमटीत धरायची, डोक्यावर गरागरा फिरवायची आणि चिमटीतली सोडायची. सुटलेल्या दोरीच्या टोकाला घायपाताच्या वाखाची शेंडी असते. ती चाबकासारखी फट् वाजते. तो फटकारा. पाखरं उडतात ती फटकाऱ्यानं. खडा पडतो तेव्हा तिथं पाखरू उरलेलंच नसतं, त्यामुळं तो कधी पडला हे कुणी बघत बसत नाही. फटकारा झाला म्हणजे खडा लागला, असंच सगळं शिवार धरून चालतं. जन्मभर गोफण फिरवलेली भागाबाईसुद्धा.

प्रेरणानं तिला भिंतीशी उभी केली आणि रिकाम्या हातानं दाखवायला सांगितलं. म्हातारीचा हात वर गेला. जमीन आणि आभाळ यांच्या बरोबर मधोमध थांबला. सपाट का मारत नाहीस, असं विचारल्यावर तिला त्याही दुःखात अडाणी पोरीचा राग आला. "कणसं तुटत्यात की. वरनं सोडायचा न् पाखराच्या म्होरं पाडायचा."

प्रेरणाच्या मनात तेव्हाच एक नाव उभं राहिलं. श्रीमंतप्पा. शेजारचा शेतकरी. ह्या भागात सूर्यावर वीज करणाऱ्या कंपन्या आल्यात. त्यांना सलग रान लागतं, आणि सलग रान जुळवून देणारा दलाल लागतो. बोरतळीत ते काम श्रीमंतप्पा करत होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या, मधला तुकडा राहिला. तो राजपाल आणि नरसिंग यांच्या सामाईक नावावर होता आणि राजपाल सही करत नव्हता. रविवारी सकाळीच दोघांची बांधावर तोंडातोंडी झाली होती. वस्तीतला प्रत्येक माणूस दबक्या आवाजात हेच बोलत होता. प्रेरणालाही तोच हवा होता. उगाच कशाला लपवायचं, हवाच होता.

प्रेरणा त्याच्या घरी गेली तेव्हा श्रीमंतप्पा ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. बस म्हणाला नाही. राजपाल मेला तेव्हा तो विहिरीवर होता, मिरच्या तोडणाऱ्या बायकांवर ओरडत. मल्लम्माला विचार म्हणाला. मल्लम्मा वस्तीतलीच, तिनंही तेच सांगितलं. तोंडातोंडी झाली हे त्यानं नाकारलं नाही.

"माझं भांडण व्हतं, व्हय. पण खडा तुमच्यातला, डोस्कं तुमच्यातलं. मला कामून मधी वढायलीस, बाई?"

प्रेरणा उठली. त्या तोंडात शेण घालावं असं तिला वाटलं, पण पुराव्याशिवाय राग म्हणजे नुसती जळजळ.

त्याचा मुलगा धनराज ट्रॅक्टर धूत होता. त्या वेळी तो गाडीवाटेनं ट्रॅक्टर घेऊन वर चालला होता. इंजिनाच्या आवाजातही त्याला फटकारा आणि बोंब ऐकू आली होती, एका दमात. कुणी दिसलं का? एवढ्या उंच ज्वारीत हत्ती दिसायचा नाही, असं तो म्हणाला. मग हसला.

"तुझ्या अण्णालाच इचार की. यडा झालाय त्यो. घरोघर फिरायलाय, त्या दिशी गोफण आनिक कुणाच्या हातात व्हती म्हनून."

अण्णा म्हणजे नरसिंग. तो माळ्याखाली बसला होता, डोळे तांबडे, दाढी वाढलेली. राजपाल पडला तेव्हा तू कुठं होतास, असं प्रेरणानं विचारलं. इथंच, माळ्याखाली, खडे निवडत, असं तो म्हणाला. मग तिचा हात धरून घाईघाईनं बोलू लागला. आईचा खडा नाहीच तो. पश्चिमेकडून दुसरं कुणीतरी गोफण मारत होतं.

"दोन खडे आलते, प्रेरणा. एक न्हाई, दोन. तू शिकलेली हाईस. शोध की कोन व्हता त्यो."

आईला सोडवण्यासाठी मुलगा कसा कासावीस झालाय, हे बघून प्रेरणाला रडू आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवून उठली. तिथून तिनं पावलं टाकत बांधापर्यंतचं अंतर मोजलं. ऐंशी मीटर. राजपाल पडला होता तिथं माती काळी झाली होती आणि तिच्यावर मुंग्या.

आणखी एक गोष्ट तिथंच तिच्या लक्षात आली. ज्वारीच्या आतल्या ओळीत, बांधाकडून आत, तीनचार ताटं मोडलेली होती. कुणीतरी तिथं बराच वेळ उभं राहिलं होतं.

३

मंगल, राजपालची बायको, निर्ण्याला माहेरी गेली होती. तिच्याशीच तो फोनवर बोलत होता. नवऱ्याचं शेवटचं ओरडणं तिनं कानानं ऐकलं होतं. बस बदलत आली तेव्हा तो झाकलेला होता. आल्यापासून तिनं भागाबाईच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या पोराच्या बापाला मारलं तिनं, मी तिचं तोंड कसं बघू, असं ती म्हणायची.

प्रेरणानं विचारलं की फोनवर आधी काय ऐकू आलं आणि मग काय. मंगलला सांगता येईना. मग तीच म्हणाली की फोनात सगळं आपोआप भरून राहतं. राजपालनंच तशी सोय करून दिली होती, भांडण झालं की कोण काय बोललं ते परत ऐकवायला. त्या दिवसाचंही असेल. तिनं उघडलं नव्हतं. कोण उघडेल?

पोलिसांनी हा फोन मागितलाही नव्हता. तो मयताचा नव्हता ना.

प्रेरणानं ते रेकॉर्डिंग आपल्या फोनवर घेतलं, औरादला गेली आणि कॉलेजच्या रिकाम्या प्रयोगशाळेत दार लावून बसली. कानात तारा घातल्या. भाऊ बोलू लागला. "सही करनार न्हाई म्हनून सांगितलंय त्याला. आजाची माती हाय. संध्याकाळी येतो तिकडं, लेकराला काय आनू?" मागं ट्रॅक्टर. तो एकसारखा बारीक बारीक होत गेला. म्हणजे धनराज खरं बोलला होता. तो वरच चालला होता, कुठं थांबला नव्हता.

मग फट्. लांबून, पण स्पष्ट. आणि लगेच ओल्या लाकडावर घाव बसावा तसा एक आवाज. आणि ओरडणं.

तिनं तारा काढल्या. तोंड धुऊन परत बसली. फटकारा आणि घाव यांच्यामधलं अंतर पडद्यावर मोजलं. पुन्हा मोजलं. पाऊण सेकंदाच्या आतच.

पुढचं तिला ऐकवेना. फोन बंद करून ती वर्गात गेली, कारण घंटा झाली होती आणि समोर साठ मुलं बसली होती.

४

फळ्यावर तिनं त्या दिवशी पुस्तकातला तोफगोळा काढला नाही. एक माळा काढला. माळ्यावरच्या हाताची उंची चार मीटर. खडा जमीन आणि आभाळ यांच्या मधोमध सुटतो, म्हणजे पंचेचाळीस अंश. पडतो ऐंशी मीटरवर. हवेत किती वेळ असेल?

मुलं सूत्र शोधू लागली. तिनं पुस्तकं मिटायला लावली. धरा की गुरुत्व नाहीच, असं ती म्हणाली. मग खडा सरळ रेषेत वर जात राहील. मधोमध सोडलाय, म्हणून जेवढा पुढं तेवढाच वर. ऐंशी मीटर पुढं गेला म्हणजे ऐंशी मीटर वर. हात आधीच चार मीटर उंच होता. म्हणजे चौऱ्याऐंशी मीटर उंचीवर असायला हवा होता, आणि प्रत्यक्षात तो जमिनीवर पडलाय. हे चौऱ्याऐंशी मीटर त्याला कुणी खाली आणलं? गुरुत्वानं. आणि हातातून सुटून चौऱ्याऐंशी मीटर खाली पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ह्या खड्याला लागला. पुढं जाणं वेगळं, पडणं वेगळं. दोघं एकमेकांना विचारत नाहीत.

चौऱ्याऐंशीला चार पूर्णांक नऊनं भागलं, वर्गमूळ काढलं. चार सेकंदांच्या किंचित वर.

तिनं स्वतःशीच पुढं ताणून बघितलं. म्हातारीचा हात समजा थोडा खाली असेल, तीस अंशांवर. तरी सव्वातीन सेकंद. कणसांच्या वरून काढायचा तर त्याहून खाली जात नाही. रेकॉर्डिंगमधला पाऊण सेकंद धरला, फटकाऱ्याचा आवाज बांधापर्यंत यायला लागणारा पाव सेकंद त्यात मिळवला, तरी सगळा मिळून एक सेकंद. एका सेकंदात ऐंशी मीटर म्हणजे ताशी दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. यंत्राचं काम झालं ते. मोठीमायच्या खांद्याचं नव्हे.

म्हणजे राजपाल ओरडला तेव्हा तिचा खडा वर चढतच होता.

तिनं फळा पुसायला घेतला. मुलांना काही कळलं नाही. कुणीतरी विचारलं की हे परीक्षेला येणार का. येईल, म्हणाली.

प्रयोगशाळेत येऊन तिनं पुन्हा तारा घातल्या. आता तिला एका गोष्टीची वाट बघायची होती. गणित बरोबर असेल, तर मोठीमायचा खडा हवेत विरघळला नसणार. तो कुठंतरी पडलाच पाहिजे, बांधाच्या आसपास, फटकाऱ्यानंतर चौथ्या सेकंदाला.

फट्. घाव. ओरडणं. फोन मातीत पडल्याचा धप्प. मंगलचं "अहो? काय झालं?" पडद्यावरची रेघ पुढं सरकत होती. दोन. तीन. पावणेचार.

ताटांची सळसळ झाली, आणि काहीतरी टप्पकन मातीत रुतलं.

प्रेरणानं रेघ मागं ओढली. तिनं ते सात वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी तिथंच, त्याच जागी, मेलेल्या माणसाच्या शेजारी उशिरा पोचलेला खडा. तिच्या आयुष्यात इतकं बरोबर आलेलं उत्तर दुसरं नव्हतं आणि इतकं भयाण दुसरं नव्हतं.

त्याच्यानंतर आणखी काही होतं. मंगल ओरडत होती, त्याखाली दबलेलं. कुणाचा तरी श्वास चटकन आत ओढला गेला. मग चपलांचा आवाज, ज्वारीतून पळणारा, लांब लांब जाणारा.

फटकाऱ्याच्या आडोशानं माणूस मारणारा कुणीतरी होता. त्यानं घाव घातला, आणि थोड्या वेळानं त्याच्याच शेजारी आभाळातून खडा पडला. आवाज एवढा बारीक की दहा पावलांवरच्या माणसालाच ऐकू यावा. पोलिसांना एकच दगड माहीत होता. गावाला एकच माहीत होता. मंगलनंही ऐकला नव्हता.

आणि तरीही दोन खडे आले, असं एका माणसानं प्रेरणाला आधीच सांगितलं होतं.

५

ती लगेच गेली नाही. त्या संध्याकाळी ती औरादच्या बसस्टँडवर बसून राहिली. तीन गाड्या गेल्या. श्रीमंतप्पा असता तर ती धावत गेली असती. वस्ती मागं उभी राहिली असती, घोषणा झाल्या असत्या, तिनं भाषण ठोकलं असतं. आता काय ठोकणार? खडा कुणाची जात बघून पडत नाही, हे फळ्यावर लिहायला सोपं असतं.

सकाळी ती रानात गेली. नरसिंग पश्चिमेच्या बांधावरच होता, ताटं बाजूला सारून जमीन बघत.

"अण्णा, दुसरा खडा कुठं पडला रं?"

"इथं," तो लगेच म्हणाला आणि बोट दाखवलं. "माझ्या पायापशी."

बोट तसंच राहिलं. बोललेलं त्याला ऐकू आलं ते नंतर. वारा ज्वारीतून गेला. नरसिंग हळूच खाली बसला, पण त्याची नजर तिच्या तोंडावरून हलेना. त्याला पकडलं जाण्याचं भय वाटत होतं असं नाही. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"तुला घावला का त्यो? कोन मारला त्यो खडा? मला बघितलंय त्यानं. कवापासनं मी वर बघायलोय, कवा आनिक येतोय म्हनून."

"मोठीमायचाच होता. जो सोडला तोच. खड्याला यायला वेळ लागतो, अण्णा. फटकारा आधी येतो, खडा चार सेकंदांनी."

नरसिंगनं ते मनात उलटंसुलटं केलं. मग त्याच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "म्हंजे कुणी बघितलंच न्हाई."

"कुणीच न्हाई."

त्याच्यानंतर तो बोलला. बराच वेळ, जमिनीकडं बघत. राजपाल आणि प्रेरणा पोरके झाले तेव्हा घरातल्या तीन पोरांपैकी दोघांनाच शिकवणं परवडणार होतं, एकाला शाळेतून काढायचं होतं. आईनं पोटच्याला काढलं. पोरक्यांना काढलं तर लोक काय म्हणतील. नरसिंगनं सातवीत दप्तर खुंटीला अडकवलं आणि हूं म्हटलं. तेव्हापासून तो ह्या रानात होता. राजपाल रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, बांधावर उभा राहायचा आणि आजाच्या मातीवर बोलायचा. आता कंपनी रान घेणार होती आणि श्रीमंतप्पानं नरसिंगला तिथं राखणदाराची जागा कबूल केली होती. सावलीतली. खुर्चीवरची. एका सहीवर सगळं अडलं होतं.

"खुर्चीवर बसायचं व्हतं गं मला. येवडंच. त्यो म्हनला, अण्णा, माती सोडायची न्हाई. त्याच्या नखात कवा माती व्हती?"

प्रेरणाची नजर स्वतःच्या नखांवर गेली. तिच्याही नखात नव्हती. तिच्या पगाराच्या, साडीच्या, फळ्यावरच्या त्या सुंदर गणिताच्या खाली ह्या माणसाचं दप्तर पुरलेलं होतं. ते खरंच होतं, आणि तरीही ती पुढं बोलली, कारण दुसरंही तेवढंच खरं होतं.

बोलायलाच गेलो होतो, असं नरसिंग म्हणत होता. टॉवेलात दगड बांधून नेला होता, हेही त्याच्याच तोंडून निघालं.

"टॉवेलात दगड बांधून? बोलायला गेलेला माणूस ज्वारीत दबून फटकाऱ्याची वाट बघत न्हाई, अण्णा. तू दादाला मारलास. मारलास ते मारलास, आणि मढं मायच्या पदरात टाकलंस."

तो कळवळला. म्हातारीला कोण आत घालतंय, चुकून झालं म्हणून सोडतील, असं त्याला वाटलं होतं. तिला कळू देऊ नको. चुकीचं दुःख माणूस पचवतं. पोरगाच खुनी निघाला हे ती पचवणार नाही.

"ती पचवायली न्हाई. ती मरायलीय. तुझ्या वाटचं मरण," प्रेरणा म्हणाली. "तूच चल. माझ्या तोंडानं मी सांगनार न्हाई."

६

मोठीमायला अंगणात आणून बसवलं. मंगल दाराच्या आत उभी राहिली, बाहेर येईना. नरसिंग कुडाजवळ.

प्रेरणानं अंगणातला एक खडा उचलला. सूत्र, अंश, वर्गमूळ, काही नाही. तिनं खडा जोरानं वर फेकला आणि फेकताक्षणी टाळी वाजवली. तो चढला, वर एक क्षण थांबल्यासारखा झाला, आणि बऱ्याच वेळानं मातीत पडला. टाळी कधीच विरली होती. तिनं पुन्हा फेकला. भागाबाई मान वर करून बघत होती. तिसऱ्या वेळी तिनं टाळी आणि खडा यांच्यामधल्या वेळात स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"एवडा येळ?"

"एवढा, मोठीमाय. तुझा खडा पोचायच्या आधी दादा पडलेला होता. तुझ्या हातानं काही झालं न्हाई."

आतून मंगलचा हुंदका आला. म्हातारीच्या तोंडावर काहीतरी उघडलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मुठी सुटल्या. पण ती बाई काही खुळी नव्हती. तिनं विचारलं, मग कोण?

प्रेरणानं हातातला खडा खाली ठेवला. कुडाजवळचा माणूस खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. भागाबाईनं त्याच्याकडं बघितलं. पाठीकडं, मानेकडं. तिला गणिताची गरज पडली नाही. कुणी हंबरडा फोडला नाही. ती फार हळू म्हणाली,

"माझ्याच हातानं झालं असतं तर बरं व्हतं रं."

नरसिंग आईच्या पायाशी सरकत आला. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि हातही ठेवला नाही. मग मंगलला हाक मारली आणि भाकरी मागितली. मंगल भाकरी आणि पाणी घेऊन बाहेर आली, पहिल्यांदाच तिच्यासमोर बसली. भागाबाई कोरडी भाकरी चावत राहिली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळत राहिली. वाकून, निग्रहानं, औषध घ्यावं तशी. अर्धी झाल्यावर प्रेरणानं पुरे म्हटलं. अजून आतडं सोसणार नाही.

"खाऊ दे," ती म्हणाली. "ठाण्यापतूर चालायचंय."

ठाण्यात फौजदार वैतागला. एकदा जबाब झाला होता, कागद वर गेला होता, आणि आता ही म्हातारी मुलाचा दंड धरून उभी. प्रेरणानं मंगलचा फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. फट्. घाव. पावणेचार सेकंद. सळसळ. पळणारे पाय. त्यानं तीनदा ऐकलं. मग शिपायाला नवा कागद घ्यायला सांगितलं. प्रेरणाला पहिला कागद फाडून त्याच्या तोंडावर मारायचा होता. भागाबाईनं तिला नजरेनं गप्प बसवलं.

शिपाई तरुण होता, कन्नड, पण मराठी कळणारा. त्यानं तिला बाकावर बसवलं. नाव विचारलं, गाव विचारलं, लिहिलं. आरोपीशी नातं काय, म्हणाला.

"आई."

आणि मयताशी?

भागाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं, त्याला पहिलं उत्तर ऐकू आलं नसेल असं वाटल्यासारखं.

"आई," ती म्हणाली.